एक शून्य जास्त, एक तारीख कमी : औषधांच्या नोंदींबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारले होते, औषधाची चिठ्ठी, केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड यांतल्या चुकीमुळे तुमच्या घरात कधी गोंधळ झाला का? अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतून पत्रे आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. उत्तरे एक फिजिशियन, एक फार्मसिस्ट आणि ग्रामीण रुग्णालयातील एक ज्येष्ठ परिचारिका यांनी मिळून लिहिली आहेत. आकडे दिले आहेत ते हिशेब कळावा म्हणून. तुमच्या रुग्णाचा डोस त्याचे वजन, मूत्रपिंडाची स्थिती आणि बाकीची औषधे पाहून त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा आहे.

माझ्या बाबांना (वय ६६) रुमेटॉइड संधिवात आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. चिठ्ठीवर 'एमटीएक्स ७.५' एवढेच वाचता येते, पुढचे अक्षर लागत नाही. बाबा ती रोज रात्री घेत आहेत, सहा दिवस झाले. तोंड आले आहे, आमटीभातसुद्धा जात नाही. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. तोवर थांबावे का? (राजापूर)

अजिबात थांबू नका. गोळी बंद करा आणि उरलेली स्ट्रिप व चिठ्ठी घेऊन आजच रुग्णालयात जा. (या वाचकांना हे फोनवर लगेच कळवले आहे. इतरांच्या घरीही ही गोळी असेल म्हणून उत्तर छापत आहोत.)

एमटीएक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातात आणि सोरायसिसमध्ये ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होणे थांबते. तोंडातले फोड ही बाहेरून दिसणारी पहिली खूण. त्यामागोमाग पांढऱ्या पेशी उतरतात, ताप येतो, प्लेटलेट कमी होऊन हिरड्यांतून रक्त येऊ लागते. या एका चुकीने जगभर माणसे दगावली आहेत.

रुग्णालयात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि यकृताच्या तपासण्या त्याच दिवशी व्हायला हव्यात. डॉक्टरांना मोघम 'संधिवाताची गोळी चालू आहे' असे सांगू नका. 'मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, रोज एकदा, सहा दिवस, शेवटची काल रात्री नऊ वाजता' असे सांगा. यावरचा उतारा फोलिनिक ॲसिड, त्यालाच ल्यूकोव्होरिन म्हणतात. या गोळीबरोबर एरवी देतात ते फोलिक ॲसिड वेगळे. घरात फोलिक ॲसिड आहे म्हणून त्याच्या दोन-चार गोळ्या देऊन वाट पाहत बसू नका, या वेळी त्याने काम भागत नाही.

आता नोंदीबद्दल. या चिठ्ठीत दोन गोष्टी नव्हत्या, वार आणि गोळीची ताकद. मेथोट्रेक्सेट २.५, ५, ७.५, १० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळते. '३ गोळ्या' एवढेच लिहिले आणि दुकानात या वेळी २.५ ऐवजी ७.५ ची स्ट्रिप आली, तर डोस ७.५ चा थेट २२.५ होतो, तोही घरात कुणाला न कळता. म्हणून चिठ्ठीवर आणि स्ट्रिपच्या पाठीवरही पूर्ण वाक्य हवे : 'मेथोट्रेक्सेट, २.५ मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या, एकूण ७.५ मिलिग्रॅम, फक्त दर बुधवारी रात्री, संधिवातासाठी.' वाराचे नाव पूर्ण लिहा. 'आठवड्याला' हा शब्द घाईत 'आठवडाभर' असाही वाचला जातो. एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या आणू नका आणि एकच ताकद ठरवून घ्या.

आणखी एक, पावसाळ्यासाठी. भातलावणीच्या दिवसांत ताप आला, उलट्या-जुलाबाने पाणी कमी झाले किंवा लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिस या तापाने) मूत्रपिंडावर परिणाम झाला, तर मेथोट्रेक्सेट शरीरात साचते आणि नेहमीचाच डोस विषारी ठरतो. तापासाठी ज्या कुणा डॉक्टरकडे जाल तिथे हे औषध चालू असल्याचे पहिल्या वाक्यात सांगा आणि त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी विचारा. को-ट्रायमोक्साझोल हे लघवीच्या संसर्गावर सर्रास दिले जाणारे औषध मेथोट्रेक्सेटबरोबर चालत नाही, रक्तपेशी झपाट्याने उतरतात.

सासूबाई निम्मे वर्ष मुंबईला दिरांकडे आणि गणपती ते शिमगा आमच्याकडे असतात. दोन डॉक्टर, दोन फायली. अलीकडे अंथरुणातून उठताना त्यांना चक्कर येते. दोन्ही डॉक्टर चांगले आहेत, मग कुणाचे ऐकायचे? गोळ्यांचे फोटो पाठवत आहे. (गुहागर)

दोघांचेही ऐका, पण दोघांनी एकच कागद पाहिलेला असला पाहिजे.

फोटोत मुंबईची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आहे. गुहागरची गोळी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची, पण तिच्यात टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ असे दोन्ही आहे. म्हणजे सासूबाईंच्या पोटात रोज टेल्मिसार्टन ८० जाते आणि वर अम्लोडिपिन. एरवी ८० मिलिग्रॅम देतातही, पण इथे ते कुणी ठरवून दिलेले नाही. चक्कर येण्याला एवढे कारण पुरेसे आहे. आधी त्यांचा रक्तदाब आडवे असताना मोजा, मग उभे राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर दोन्ही स्ट्रिपा घेऊन त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांकडे जा. सोबत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घ्यायला सांगा. स्वतःच्या मनाने दोन्ही गोळ्या बंद करू नका.

ब्रँडच्या नावामागची अक्षरे वाचायची सवय लावा. रक्तदाबाच्या गोळीमागे 'एएम' असेल तर बहुधा अम्लोडिपिन, 'एच' असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड. साखरेच्या ग्लिमेपिराइडच्या गोळीमागे 'एम१', 'एम२' असते, तिथे एम म्हणजे मेटफॉर्मिन आणि आकडा म्हणजे ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम. दुकानदाराने 'तीच आहे हो' म्हणून एम१ ऐवजी एम२ दिली, तर साखर उतरवणारे औषध दुप्पट होते. 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर' ही अक्षरे असलेली गोळी दिवसभर हळूहळू सुटते. ती कुटून दिली तर सगळा डोस एकदम अंगावर येतो. पण खात्रीचा मार्ग एकच : ब्रँडखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव.

आता तो कागद. जाड कार्डावर करा आणि सासूबाईंच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे तो त्यांच्याबरोबर रेल्वेने जाईल-येईल. वर पूर्ण नाव, जन्मतारीख, वजन व ते मोजल्याची तारीख, शेवटचे क्रिएटिनिन व त्याची तारीख, ॲलर्जी. खाली प्रत्येक औषधासाठी एक ओळ : मूळ नाव, ताकद मिलिग्रॅममध्ये, एका वेळी किती, किती वाजता, कशासाठी, कोणी व कधी सुरू केले, आणि शेवटी बंद केल्याची तारीख. हा शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. बंद झालेले औषध यादीतून खोडून नाहीसे करू नका. एक आडवी रेघ मारा, तारीख आणि कारण लिहा. 'अम्लोडिपिन बंद, पाय सुजले' एवढे लिहिलेले असले तर पुढचा डॉक्टर तेच औषध पुन्हा देणार नाही.

यादीत डोळ्याचे थेंब, इनहेलर, काढे आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही हव्यात. लोकांना त्या 'औषध' वाटतच नाहीत. पण वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

गोळ्या सुट्या करून स्टीलच्या डबीत भरू नका. स्ट्रिप कापताना नाव आणि मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राहील अशा बाजूने कापायला दुकानदाराला सांगा. काही खपाऊ ब्रँडच्या वेष्टनावर आता क्यूआर कोड असतो (१ ऑगस्ट २०२३ पासून बनवलेल्या मालात तो ३०० ब्रँडना बंधनकारक आहे). फोनने तो वाचला की मूळ नाव, बॅच आणि मुदत दिसते. डोळे कमजोर असलेल्यांना याचा खरोखर उपयोग होतो.

ओडी, बीडी, एचएस, एसओएस म्हणजे काय? (वेंगुर्ले)

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत मात्र 'ओडी' म्हणजे उजवा डोळा. एसओएस औषधापुढे 'दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा' हे विचारून लिहून घ्या. ते नसले तर ती चिठ्ठी अपुरी आहे.

दोन वर्षांच्या नातवाला ताप होता. मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर 'पॅरासिटामॉल ७.५ एमएल' होते. घरात तेच औषध थेंबांच्या बाटलीत होते. सुनेने ७.५ एमएल देऊ का असे विचारले, मी थांबवले. माझे बरोबर होते ना? (देवगड)

बरोबर होते, आणि थांबवलेत हे फार चांगले झाले.

'एमएल' हा डोस नव्हे. डोस मिलिग्रॅममध्ये असतो आणि एका एमएलमध्ये किती मिलिग्रॅम आहेत हे प्रत्येक बाटलीवर वेगळे असते. मुलांसाठी पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस साधारण दर किलोला १५ मिलिग्रॅम. नातू १२ किलोचा असेल तर १२ गुणिले १५, म्हणजे १८० मिलिग्रॅम. १२० मिलिग्रॅम प्रति ५ एमएल अशा सिरपचे ते ७.५ एमएल होतात. २५० प्रति ५ एमएल अशा सिरपचे ३.६ एमएल. आणि १०० मिलिग्रॅम प्रति १ एमएल अशा थेंबांचे फक्त १.८ एमएल.

थेंबांच्या बाटलीतून ७.५ एमएल दिले असते तर एका वेळी ७५० मिलिग्रॅम गेले असते, चौपटीहून जास्त. दिवसातून चार वेळा दिले तर ३००० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २५०. एवढ्याने बारा किलोच्या मुलाचे यकृत निकामी होऊ शकते. वाईट गोष्ट अशी की पहिले चोवीस तास मूल बऱ्यापैकी दिसते, फार तर एखादी उलटी. म्हणून चूक लक्षात आल्यावर लक्षणांची वाट न पाहता बाटली घेऊन रुग्णालयात जावे. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो.

मागच्या वर्षीची चिठ्ठी वापरू नका, कारण ती मागच्या वर्षीच्या वजनाची आहे. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तीन आकडे मागून घ्या : आजचे वजन, डोस मिलिग्रॅममध्ये, आणि या बाटलीचे किती एमएल. घरी मोजायला औषधाबरोबर आलेले माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. घरातले चमचे एकसारखे नसतात. प्रत्येक वेळी दिलेली वेळ कागदावर लिहून तो कपाटाला चिकटवा. आई, आजी आणि काकू अशा तिघी घरात असल्या की एकच डोस दोनदा जातो, तो टाळायला दुसरा उपाय नाही. दोन डोसांत सहा तास ठेवा, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नकोत. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही बहुतेकदा पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्या.

पतीला इन्सुलिन २० युनिट आहे. दुकानात नेहमीची बाटली नव्हती, वेगळी दिली. त्याच सिरिंजने टोचले तर चालेल ना? (मालवण)

बाटलीवर '४० आययू/एमएल' आहे की '१०० आययू/एमएल' (आययू म्हणजे युनिट), ते आधी वाचा. आपल्याकडे दोन्ही मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची असली पाहिजे. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज असेल, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेले औषध प्रत्यक्षात ५० युनिट असते. उलट झाले तर २० च्या जागी ८ च जातात आणि साखर चढत राहते. पेनमधले औषध सिरिंजने काढू नका, ते १०० चे किंवा त्याहूनही तीव्र असते.

चिठ्ठीवर 'यू' हे अक्षर चालवून घेऊ नका. '१० यू' घाईत लिहिले की यू चे शून्य होते आणि १० चे १०० वाचले जातात. 'युनिट' हा शब्द पूर्ण हवा. चुकून जास्त टोचले गेले तर लगेच साखर मोजा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, जेवायला द्या आणि तरीही रुग्णालयात जा, कारण इन्सुलिनचा असर तासन्‌तास राहतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्ण पुढे पाठवला की वरून फोन येतो : 'काय दिलं, किती दिलं, चिठ्ठीवरून कळत नाही.' संदर्भचिठ्ठी कशी लिहावी? डॉक्टर फोनवरून औषध सांगतात तेव्हा काय करावे? आणि नोंद चुकली तर? (परिचारिका, रत्नागिरी जिल्हा)

तुमचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कोकणात रुग्ण वाडीवरून केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात, मग जिल्हा रुग्णालयात आणि वेळ पडली तर घाट चढून कोल्हापूरला किंवा दक्षिणेला गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात जातो. या साखळीत डॉक्टर आणि सिस्टर दर टप्प्याला बदलतात. रुग्णाबरोबर शेवटपर्यंत जाते ती फक्त चिठ्ठी.

गरोदरपणातील झटक्यांचे उदाहरण घ्या. केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस १० ग्रॅम स्नायूत देतात : ५० टक्क्यांच्या ॲम्प्यूलमध्ये २ एमएलला १ ग्रॅम, म्हणजे दोन्ही नितंबांत प्रत्येकी ५ ॲम्प्यूल, १० एमएल. आता चिठ्ठीवर 'मॅगसल्फ दिले' एवढेच असेल, तर पुढच्या रुग्णालयासमोर दोन वाटा उरतात. डोस पूर्ण गेला नाही असे धरून पुन्हा १० ग्रॅम द्यायचे, मग श्वास मंदावून थांबण्याची भीती. किंवा पूर्ण गेला असे धरून थांबायचे, मग पुन्हा झटका येण्याची भीती. चिठ्ठी अशी हवी : 'मॅग्नेशियम सल्फेट ५०%, ५ ग्रॅम उजव्या, ५ ग्रॅम डाव्या नितंबात, एकूण १० ग्रॅम, १४:२० वाजता. निघताना गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल (नी-जर्क) उपस्थित, श्वास मिनिटाला १८, कॅथेटरमधून लघवी इतकी एमएल.' पुढचा ५ ग्रॅमचा डोस चार तासांनी असतो आणि तो या तीन गोष्टी पाहूनच देतात : नी-जर्क उपस्थित, श्वास १६ किंवा जास्त, लघवी तासाला किमान ३० एमएल. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट १०%, १० एमएल, शिरेतून सावकाश. तो ॲम्ब्युलन्समध्ये आहे की नाही हेही लिहा. 'एमएस' असे संक्षेप लिहू नका, त्याचा अर्थ मॉर्फिन सल्फेट असाही होतो.

सर्पदंशात दंशाची वेळ, चिन्हे, प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या, कधी सुरू व कधी संपल्या, बॅच क्रमांक हे सगळे हवे. सुरुवात साधारण १० कुप्यांनी होते आणि मुलालाही तेवढ्याच, कारण विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. इथे 'वजनाप्रमाणे' असा शेरा मारून डोस कमी करणे ही घातक चूक आहे. वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा निकाल वेळेसकट लिहा आणि परीक्षानळी काचेची, कोरडी, साबणाने न धुतलेली होती हे पाहा. साबणाचा अंश राहिला तर चांगले रक्तही गोठत नाही आणि निकाल खोटा येतो. नातेवाईक 'फुरसंच होतं' म्हणाले तर 'नातेवाइकांच्या म्हणण्यानुसार' असे लिहा. कुणी साप पाहिलाच नसेल तर तसेच लिहा. अंदाजाने लिहिलेले नाव पुढच्या डॉक्टरला चिन्हांपासून दूर नेते. रिॲक्शन आली आणि ॲड्रेनॅलिन दिले तर '१:१०००' असे गुणोत्तर न लिहिता '०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत' असे लिहा.

विंचूदंशावर प्राझोसिन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे हे औषध आज कोकणातल्या प्रत्येक केंद्रात ओळखीचे आहे. मुलांचा डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ४५० मायक्रोग्रॅम, १ मिलिग्रॅमच्या गोळीची जेमतेम अर्धी. तो '.५ मिलिग्रॅम' असा लिहिला आणि टिंब फिकट उमटले की ५ मिलिग्रॅम होतो, दहापट. रक्तदाब एवढा कोसळतो की मूल हाती लागणार नाही. दशांश चिन्हाआधी शून्य नेहमी द्या : ०.५. पूर्णांकानंतर शून्य कधीच देऊ नका : १.० चे १० होतात. मायक्रोग्रॅम हा शब्द अक्षरांत लिहा. प्राझोसिन दिल्यावर मुलाला उभे करू नका आणि 'आडवे ठेवून न्यावे' ही सूचना चिठ्ठीत वर लिहा.

फोनवरचा आदेश : ऐका, लिहा, वाचून दाखवा, 'बरोबर' असे उत्तर घ्या, मगच औषध भरा. रेंज तुटक असताना पंधरा आणि पन्नास, फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडे सुटे म्हणा : एक-पाच, पाच-शून्य. औषधाचे नाव, डोस मिलिग्रॅममध्ये, मार्ग, वेळ, सांगणाऱ्याचे नाव असे रजिस्टरला लिहा आणि डॉक्टर आले की लगेच सही घ्या. मोठा डॉक्टर घाईत असला तरी वाचून दाखवणे सोडू नका, तो तुमचा हक्कच आहे.

औषध दिल्याची सही दिल्यानंतरच. ड्यूटी संपताना पुढच्या डोसची सही आधीच करून ठेवली की एक तर डोस बुडतो, नाही तर दोनदा जातो. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहा.

नोंद चुकली तर व्हाइटनर नको, गिरवणे नको, पान फाडणे तर नकोच. जुने अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ, बाजूला बरोबर नोंद, तारीख, वेळ, सही. औषधच चुकीचे गेले असेल तर ते त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहा. लपवलेल्या चुकीवर उतारा देता येत नाही. औषधाचा दुष्परिणाम किंवा चूक कळवायला भारताच्या औषध-सतर्कता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक आहे : १८००-१८०-३०२४. तिथे सामान्य रुग्णही फोन करू शकतो.

कोलंबी खाल्ली की अंगावर गांधी येतात. डिस्चार्ज कार्डवर 'आयोडीन ॲलर्जी' लिहिले आहे. आता सीटी स्कॅनचे रंगद्रव्य देता येणार नाही म्हणतात. (हर्णै)

कार्डवरची नोंद दुरुस्त करून घ्या. कोलंबी, कुर्ल्या, शेवंडांची ॲलर्जी त्यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. केवळ त्यावरून सीटीचे द्रव्य नाकारायचे कारण नाही. पूर्वी त्याच द्रव्याने त्रास झाला असेल तर गोष्ट वेगळी, तो प्रसंग मात्र जरूर सांगा.

ॲलर्जीची नोंद चार भागांत हवी : काय खाल्ले किंवा टोचले, किती वेळाने त्रास, नेमके काय झाले, काय उपचार लागला. 'अमॉक्सिसिलिन, अर्ध्या तासात गांधी व ओठ सुजले, इंजेक्शन द्यावे लागले' ही खरी ॲलर्जी. 'अमॉक्सिसिलिनने पोट बिघडले' हा दुष्परिणाम. दोन्हींना 'पेनिसिलिन ॲलर्जी' म्हटले की पुढे गंभीर संसर्गात चांगले औषध हातचे जाते.

बांगड्याचेही असेच होते. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होते, ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल, डोके ठणकणे, धडधड. एकाच तव्यातले खाणाऱ्या सगळ्यांना झाले तर ती ॲलर्जी नाही, विषबाधा आहे. क्षयाचे आयसोनियाझिड चालू असेल तर थोड्या हिस्टामिननेही हा त्रास होतो, कारण ते औषध हिस्टामिन मोडू देत नाही. अशा रुग्णाच्या कार्डवर 'माशाची ॲलर्जी' न लिहिता हे लिहायला हवे.

जुलै २०२१ च्या पुरात फायली भिजल्या. आता पावसाळ्यात कागदांना बुरशी येते, आणि ईसीजी तर पांढराच पडला. (चिपळूण)

ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. उन्हात, इस्त्रीने किंवा लॅमिनेट करताना तो काळा पडतो आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात रेषा उडतात. मिळाल्या दिवशीच साधी झेरॉक्स काढा, तीच जपा. भिजलेली पाने एकेक सुटी करून पंख्याखाली सावलीत वाळवा. एक्स-रे फिल्म चिकटली असेल तर ओढू नका, स्वच्छ पाण्यात बुडवून सोडवा आणि टांगा. प्रत्येक कागदाचा फोटो नाव व तारीख दिसेल असा काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खाते) क्रमांक, तो १४ आकडी असतो, काढला असेल तर दवाखान्याने जोडलेले कागद तिथे मिळतात. पण दवाखान्याने ते जोडले आहेत का, हे एकदा उघडून पाहा.

आमच्या वाडीत माझ्याच नावाची, त्याच आडनावाची आणखी एक बाई आहे. लॅबने थायरॉइडचे रिपोर्ट अदलाबदल केले असा संशय आहे. लॅब म्हणते, रिपोर्ट बदलून देता येत नाही. (कुडाळ)

रिपोर्ट बदलून मागू नका, नवे रक्त देऊन तपासणी पुन्हा करा आणि तोवर नवे औषध सुरू करू नका. थायरॉइडमध्ये ही अदलाबदल फार वाईट, कारण उपचार एकमेकांच्या उलट आहेत. ग्रंथी मंद असलेल्याला थायरॉक्सिन, जास्त चालणाऱ्याला कार्बिमाझोल. धडधड आणि वजन उतरणे आधीच असलेल्या बाईला थायरॉक्सिन गेले तर हृदयाची लय बिघडू शकते. कार्बिमाझोल घेताना स्ट्रिपही वाचा. कार्बामाझेपिन हे झटक्यांचे औषध दिसायला जवळचे नाव आहे. थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात : ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम.

एका वाडीत एकाच आडनावाची घरे असतात, त्यामुळे नुसत्या नावावर ओळख पटवू नये. रक्त घेताना नळीवर पूर्ण नाव आणि जन्मतारीख तुमच्या समोर लिहिली गेली का ते पाहा. मोबाइल नंबर ओळखीला चालत नाही, घरभर एकच असतो. माहेरच्या नावाने जुनी फाइल असेल तर दोन्ही नावे एका ओळीत लिहून घ्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीचा रक्तगट मुंबईच्या फायलीत, वेगळ्या नावाने राहतो. ती आरएच निगेटिव्ह असेल आणि बाळ पॉझिटिव्ह, तर प्रसूतीनंतर ७२ तासांत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या सामानात सगळ्यात वर ठेवा.

दुरुस्तीसाठी लॅबला किंवा रुग्णालयाला लेखी अर्ज द्या : कोणत्या तारखेच्या कोणत्या कागदातली कोणती ओळ चुकीची आहे, बरोबर काय, आणि पुरावा म्हणून नवा रिपोर्ट. पोच घ्या. मूळ नोंद त्यांनी पुसायची नसते. तारीख-सहीनिशी दुरुस्तीची पुरवणी जोडायची असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यावे लागतात. त्यामुळे प्रत मागायला उशीर करू नका.